मामा भाड्यानं मिळत नाही

राजुरी, ता. जुन्नर
रामनवमीचा दुसरा दिवस

तीर्थरूप रामदासदादा यांस,

धाकटी बहीण साळू हिचा साष्टांग नमस्कार. वहिनींनाही नमस्कार सांग. (तू सांगणार नाहीस, पण पत्र आधी वहिनीच उघडतील, म्हणून इथेच लिहून टाकते : वहिनी, नमस्कार.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींची शुगर उतरली का? काळी गाय व्यायली असेल, काय झालं, कालवड की गोऱ्हा? इकडे आम्ही सर्व सुखरूप आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. तुझे दाजी ओसरीवर गप्प बसलेले असतात, हर्षाली आतल्या खोलीत गप्प बसलेली असते, आणि मी दोघांच्या मधून चहाचे कप नेते-आणते. ज्या घरात महिन्यावर लग्न आलंय त्या घराची ही कळा आहे. तीर्थरूप लिहून पुढे अरे-तुरे करू नये हे मला कळतं. पण या परिस्थितीत तुला अहो-जाहो केलं तर तुला वाटेल साळूही आता परकी झाली, म्हणून आपल्या नेहमीच्या बोलण्यातच लिहिते.

पत्र लिहायचं कारण असं, की तू फोन उचलत नाहीस आणि ‘हर्षाली वेड्स शौर्य’ या व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून तू निघून गेलास. घरातून रागावून निघालेला माणूस निदान दार तरी आपटतो. ग्रुपमधून निघालेल्या माणसाची एक बारीक ओळ येते, ‘रामदास मामा बाहेर पडले’, आणि ती ओळ इकडच्या भावकीनं, तिकडच्या व्याह्यांनी आणि लग्नात फुलं लावणाऱ्या दोन पोरांनीसुद्धा वाचली. विहीणबाईंनी तिच्याखाली जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं. त्यांना वाटलं तू सगळ्यांना नमस्कार करून गेलास. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. पण घोडेगावच्या बाजारात तू चारचौघांत जे बोललास ते मात्र दोन दिवसांत शब्दाला शब्द माझ्यापर्यंत पोचलं. “बहीण गावात येऊन हाटेलात उतरनार आसंल, तर मामा बी पुण्यावरनं मागवा म्हनावं, भाड्यानं!” दादा, हे वाक्य ऐकून आधी मला हसू आलं आणि मग तशीच चुलीपुढे बसून मी रडले. (गॅसपुढे. पण गॅसपुढे बसता येत नाही, म्हणून चूल लिहिलं.)

तेव्हा आता हे सगळं झालं कसं ते नीट ऐक. अंगणवाडीत तीस वर्षं अहवाल लिहिलेत, त्यामुळे जरा लांबेल. ऐकल्यावर जो काही निवाडा करायचा तो कर, पण एका बाजूचं ऐकून करू नकोस. सध्या तू फक्त तुझीच बाजू ऐकली आहेस.

माघात आम्ही शौर्यच्या घरी पुण्याला गेलो. मुलगा चांगला आहे, हळू बोलतो, वाकून नमस्कार करतो. त्याच्या घरच्यांचं म्हणणं पडलं की लग्न डेस्टिनेशन करू. तुझ्या दाजींनी मला कोपरानं ढोसून विचारलं, हे कोणतं कार्यालय? मी त्यांना समजावलं, की डेस्टिनेशन म्हणजे लग्न मुलीच्याही गावात करायचं नाही आणि मुलाच्याही नाही, दोघांनाही गैरसोयीच्या अशा तिसऱ्याच ठिकाणी करायचं. व्याह्यांकडे भिंतीएवढा टीव्ही आहे. त्यावर त्यांनी फोटो दाखवले. एक समुद्र आला, एक राजस्थानातला महाल आला, आणि तिसऱ्या फोटोत धुक्यातला डोंगर आला. मी नुसतं बघत होते. हिरड्याची झाडं, करवंदीच्या जाळ्या, उतरणीवरची भाताची खाचरं. त्या खाचरांत मी गुडघाभर चिखलात उभं राहून आवणी केली आहे, मला कोण फसवणार? मी सगळ्यांदेखत ओरडले, की अगोबाई, हे तर आमचं तळेघर!

सगळ्यांना फार आनंद झाला. व्याही म्हणाले, काय योगायोग आहे. तुझ्या दाजींनी तोंडाला लावलेली बशी खाली ठेवायच्या आत मी हो म्हणून मोकळी झाले. दादा, मला त्या क्षणी फोटोतलं रिसॉर्ट दिसलंच नाही. मला एवढंच ऐकू आलं, की माझ्या पोरीचं लग्न माझ्या माहेरी, तिच्या आजोळी होणार. आई गेल्यापासून त्या मातीत माझं एकही कार्य झालेलं नाही. ते लोक फोटोतल्या पोहण्याच्या तलावाला हो म्हणत होते, मी त्याच्यामागच्या डोंगराला हो म्हटलं. फोटो एकच होता, त्यामुळे कोणाला काही शंका आली नाही.

त्यानंतर घरात वैष्णवी आली. ही पुण्याची पोरगी, लग्नांचं नियोजन करून देते, धंदाच आहे तिचा. पोरगी मेहनती आहे, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तिचं एक पालुपद आहे, “आई, टेन्शन घ्यायचं नाही.” मला त्याआधी टेन्शन नव्हतं. तिनं पहिल्यांदा तसं म्हटल्यावर मी शोधायला लागले, की नेमकं कशाचं घ्यायचं नाहीये. तिच्या पद्धतीत घरच्या माणसांनी कुठल्याही कामाला हात लावायचा नसतो, फक्त वेळेवर तयार होऊन हसायचं असतं. आमच्या भावकीतले नवनाथभाऊ तुला माहीत आहेत, आजवर राजुरीतल्या एकाही लग्नात वाढप त्यांच्याशिवाय झालं नाही. कमरेला उपरणं बांधून ते पंगतीत उतरले की आचारीसुद्धा उभा राहतो. ते मुद्दाम येऊन विचारून गेले, माझ्याकडे काय? वैष्णवी त्यांना प्रेमानं म्हणाली, काका, तुम्ही फक्त एन्जॉय करा. भाऊंनी टोपी उचलली आणि ते निघून गेले. त्या दिवसापासून ते आमच्या दारावरून जाताना मान पलीकडे फिरवतात, आणि त्यांच्यामागे त्यांच्या आळीतली आठ-दहा घरं मान फिरवायला लागली आहेत. लग्नाचं काम काढून घेणं म्हणजे इथे माणसाचं पान काढून घेण्यासारखं आहे, हे त्या पोरीला कोणी सांगावं? तुझे दाजी त्या दिवशी एवढंच बोलले, “आपल्याच पोरीच्या लग्नात आपुन पावणं व्हायचं व्हय?” आणि तेव्हापासून ओसरीवर बसून आहेत.

पुढे असं ठरलं की हळदीला ‘गावाकडची थीम’ ठेवायची. म्हणजे तळेघरात, जिथे चारी बाजूंना गाव आहे, तिथे पुण्याहून टेम्पोत घालून गाव आणायचं. सुपं, कंदील, बैलगाडीचं एक चाक (एकच), आणि जातं. जात्यावर बसायला म्हातारी मात्र तिथलीच पाहिजे, असं वैष्णवीचं म्हणणं. म्हणून गेल्या महिन्यात आम्ही रिसॉर्ट बघायला आलो तेव्हा तिनं तुझ्या शेजारच्या सखूबाईंना बोलावून घेतलं. सखूबाईंनी पदर खोचला, जात्याला हात लावून नमस्कार केला आणि विचारलं, दळायचं काय? वैष्णवी म्हणाली, काही नाही आजी, फोटोपुरतं नुसतं फिरवायचं. सखूबाईंनी हात मागे घेतला. म्हणाल्या, “रिकामं जातं फिरवू न्हाई, बाई. आन् ते बी लग्नघरात?” मी खाली मान घालून उभी होते. शेवटी मीच रिसॉर्टच्या स्वयंपाकघरात जाऊन मूठभर नाचणी मागून आणली. तिथे नाचणी असते, काचेच्या पेल्यात घालून तिचं काहीतरी देतात. ती घातल्यावर सखूबाईंनी जातं फिरवलं आणि ओवीही म्हटली, नवरीच्या मामाची. फोटो चांगले आले आहेत म्हणे. मी ते अजून पाहिलेले नाहीत.

आता तुझा खरा राग कशावर आहे त्याच्याकडे येते. त्या दिवशी मी तळेघरात येऊन तुझ्या घरी आले नाही, बरोबर ना? गाडी व्याह्यांची होती. पुढे व्याही, मागे विहीणबाई आणि मी, वैष्णवीची गाडी मागून. तू अंगणात कुंपणाच्या काट्या बसवत होतास. अंगात तो निळा सदरा होता, जो मी भाऊबीजेला दिलेला. मी हात वर केला, दादा. चांगला वर केला, बांगड्या वाजल्या. पण त्या गाडीच्या काचा अशा काळ्या, की आतला माणूस बाहेरच्याला दिसत नाही. तू गाडीकडे पाहिलंस, डोळ्यांवर हात धरून पाहिलंस, आणि पुन्हा काट्यांकडे वळलास. मी विहीणबाईंना म्हटलं, ते माझ्या भावाचं घर. त्या म्हणाल्या, अय्या, किती ऑथेंटिक! आणि त्यांनी चालत्या गाडीतून फोटो काढला. मग गाडी थांबवा म्हणायला माझी जीभ रेटली नाही. लेकीच्या सासरच्या गाडीत बसलेली बाई थांबवा म्हणू शकते का? तू म्हणशील शकते. वहिनी सांगतील तुला, शकत नाही. परत येताना बोलायचं असं मी मनाशी पक्कं केलं होतं, पण परत येताना त्यांनी दुसऱ्याच बाजूनं, भीमाशंकरला दर्शन घेऊन खाली उतरायचं काढलं. देवाच्या दारात उभी राहून मी पूर्ण वेळ तुझ्या अंगणाचा विचार करत होते. त्यामुळे ते दर्शन मला लागू झालं असेल असं वाटत नाही.

आणि त्यावर कळस झाला तो त्या मोबाईलवरच्या आमंत्रणाचा. ते वैष्णवीनं एका झटक्यात सगळ्या नंबरांना पाठवलं. त्यात विचारलंय, तुम्ही येणार आहात का? होय किंवा नाही यावर बोट दाबा. मुलीच्या सख्ख्या मामाला हे विचारलं! पुढे विचारलंय, राहण्याची सोय हवी आहे का? तळेघरात, तुला! आणि नवरीशी नातं काय, तर त्यात मामा हा शब्दच नाही, ‘अंकल’ आहे. मी ते वाचलं तेव्हा उशीर झाला होता, तू बाहेर पडला होतास. मी तुझ्या जागी असते तर ग्रुपमधून नाही, फोनच्या दुकानात जाऊन फोन परत करून आले असते. तेव्हा तुझा राग मला मान्य आहे. बहीण गावात येते आणि भावाचं घर सोडून भाड्याच्या खोलीत उतरते, हे गावात कोणाला कसं सांगायचं, हे मला कळत नाही असं समजू नकोस. तुझ्यापेक्षा जास्त कळतं. तू रागावू तरी शकतोस, मला तीही सोय नाही. आई गेली, दादा, आता माहेर म्हणून माझ्याकडे तुझ्याशिवाय दुसरं काही नाही. तू लग्नाला आला नाहीस तर लग्न होईल, पण माझं माहेर संपेल.

इतके दिवस हर्षालीला मी यातलं काही सांगितलं नव्हतं. परवा वैष्णवीनं तिला नवरी मांडवात कशी येणार ते समजावलं. वरती फुलांची चादर, चार कोपरे धरायला चार मैत्रिणी, मागे गाणं. पोरीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, मामा कुठे उभा राहणार? वैष्णवी म्हणाली, मामांना आपण पहिल्या रांगेत बसवू. हर्षाली म्हणाली, मंगलाष्टकं संपेपर्यंत नवरीच्या मागे मामा उभा असतो, तो बसत नाही. मग तिनं मला विचारलं, आई, मामा येणार आहे ना? मी पटकन हो म्हणायला पाहिजे होतं. मी म्हटलं, चहा घेतेस का. तेव्हापासून ती आतल्या खोलीत आहे. तिनं शौर्यला फोन करून सांगितलं, की मामा मागे उभा नसेल तर मी अंतरपाटापाशी जाणार नाही, मग तो अंतरपाट कितीही चांगल्या डिझाइनचा असो. शौर्यनं ऐकून घेतलं. तो म्हणाला, बरोबर आहे. म्हटलं ना, मुलगा चांगला आहे.

तेव्हा दादा, राग पोटात ठेवायचा असेल तर ठेव, पण लग्नाला उभा राहा. पत्रात काही कमीजास्त झालं असेल तर धाकटी म्हणून पदरात घे. वहिनींनी गोळ्या वेळेवर घ्याव्यात. तुझ्या गुडघ्याला निर्गुडीचा पाला शेकायला सांगितलं होतं, तो तू लावला नसशीलच.

तुझी बहीण,
साळू

ता. क. : एक गोष्ट वर लिहायची राहिली. राहिली म्हणजे, हिंमत होत नव्हती. रिसॉर्टवर झाडलोटीला आपल्याच गावच्या बाया आहेत. सखूबाईंबरोबर त्या मला भेटल्या, गळ्यात पडल्या. त्यातली एक म्हणाली, “साळे, लगीन आपल्या गावात, मंग आमी काय कुंपनाबाहीरनं बघायचं?” दादा, माहेरवाशिणीच्या तोंडून अशा वेळी काय निघणार? मी म्हटलं, अगं चूलबंद आवतण! कोणाच्या घरी त्या दिवशी चूल पेटायची नाही, लेकराबाळांसकट या. बोलून गेले तेव्हा मला फार बरं वाटलं. आता कळतंय की त्यांनी ते वरच्या वाडीला सांगितलं, वरच्या वाडीनं खालच्या वाडीला सांगितलं. रिसॉर्टवर दीडशेच्या वर माणूस आत घेत नाहीत, आणि ते दीडशे पुण्यातच भरले आहेत. वैष्णवीला मी हे सांगितलेलं नाही. तिला टेन्शन येईल.

ता. क. दुसरा : तेव्हा गावची पंगत तुझ्या अंगणात घालायची आहे. तू नाही म्हणणार नाहीस हे धरून तुझ्या दाजींनी कढया आणि पातेली ठरवून टाकली आहेत. ते ओसरीवरून उठले, दादा! सकाळपासून तीनदा आळेफाट्याला जाऊन आले. नवनाथभाऊंना निरोप गेला, की तळेघरात अख्ख्या गावाची पंगत आहे, वाढायला माणूस नाही. ते अर्ध्या तासात उपरणं घेऊन हजर. टेम्पो भरून भावकी येणार आहे, लग्न बघायला नाही, वाढायला. तांदूळ मात्र तुझा लागेल. राजुरीचा तांदूळ तळेघरात शिजवला तर आपल्याला गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. वहिनींना एवढंच सांग, की आमटीला तिखट त्यांच्या हातचं.

ता. क. तिसरा, आणि हे वहिनींनी मोठ्यानं वाचू नये : वर लग्नाला ये, मागे उभा राहा, पंगत घाल असं सगळं लिहिलं, ते तर तू करशीलच, तुझ्याच्यानं राहवणार नाही. मला मागायचंय ते वेगळंच. माझ्या नावानं रिसॉर्टवर डोंगर दिसणारी खोली घेतली आहे आणि पाहुण्यांच्या गाडीत खिडकीजवळची जागाही. मला दोन्ही नको. लग्नाच्या आधी मला तुझ्या घरी राहायचंय, वहिनींच्या शेजारी अंथरुणावर. पण माझं लग्न झाल्यापासून मी एकदाही आपली आपण तुझ्या दारात उतरलेली नाही. दर वेळी तू मुराळी म्हणून मला न्यायला राजुरीला आलास. पाऊस असो, आवणी असो, खांद्यावर टॉवेल टाकून दारात उभा राहायचास, आणि सासूबाई म्हणायच्या, जा बाई, भाऊ आला. न बोलावता, न्यायला कोणी न येता माहेरी यायचं कसं, ते मला या वयात शिकता यायचं नाही. म्हणून एसटीनं ये. रागावलेलाच ये. आळेफाटा गेला, नारायणगाव गेलं, मंचर गेलं, तरी माझ्याशी एक शब्द बोलला नाहीस तरी चालेल, मी खिडकीतून बघत बसेन. पण दादा, मला न्यायला ये.